नेटवर्क स्टोरेज

नेटवर्क स्टोरेज : एकाच संगणकात बंदिस्त न ठेवता संगणकांच्या जाळ्यावर ठेवलेली आणि अनेकांना एकाच वेळी वापरता येणारी साठवण. डिस्क एकीकडे, ती वापरणारा दुसरीकडे आणि मध्ये केबल, स्विच व राउटर अशी तिची रचना असते. वापरणाऱ्याला मात्र ती डिस्क आपल्याच संगणकात असल्यासारखी वाटली पाहिजे. मधला दुवा कोणत्याही क्षणी तुटू शकतो हे धरून चालूनच तो भास टिकवावा लागतो, आणि या क्षेत्रातले जवळपास सगळे महत्त्वाचे निर्णय या एका अडचणीतून घेतले गेले आहेत.

जाळ्यावरून डेटा सलग वाहत नाही, तर पॅकेट नावाच्या तुकड्यांत जातो. कार्यालयांत व घरांत सर्रास आढळणाऱ्या इथरनेटच्या एका फ्रेममध्ये साधारणपणे १,५०० बाइटपर्यंत डेटा मावतो. इथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात एका टिपणात मांडली. डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत त्यांनी उभारलेले पहिले जाळे सेकंदाला २.९४ मेगाबिट वेगाने चालत असे. प्रत्येक नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो आणि तो पाहून स्विच फ्रेम योग्य पोर्टकडे धाडतो. हा पत्ता त्या जाळ्यापुरताच कामाचा असतो. पलीकडच्या जाळ्यात जायचे तर आयपी पत्ता लागतो आणि त्यावरून राउटर पुढची वाट ठरवतो. पॅकेट पोहोचेलच अशी हमी आयपी देत नाही. तुकड्यांना क्रमांक देणे, पोच घेणे आणि हरवलेला तुकडा पुन्हा पाठवणे ही टीसीपीची कामे आहेत. १ जानेवारी १९८३ रोजी इंटरनेटचे पूर्वज असलेले अर्पानेट टीसीपी आणि आयपीच्या नियमांवर चालू लागले.

वेगाचा हिशेब करताना बिट आणि बाइट यांची गल्लत हमखास होते. एक गिगाबिटची जोडणी म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट, आणि पॅकेटांच्या शीर्षांचा भार वजा जाता हाती ११० ते ११८ मेगाबाइट पडतात. या वेगाने एक टेराबाइट हलवायला सुमारे अडीच तास लागतात. आजची एक साधी हार्ड डिस्कसुद्धा सलग वाचताना याहून वेगाने डेटा देऊ शकते. म्हणून चार डिस्कांची पेटी घेऊन ती जुन्या १०० मेगाबिट स्विचला जोडली, तर डिस्कांवर केलेला खर्च वाया जातो. तिथे तोच टेराबाइट जवळपास पूर्ण दिवस घेतो. आधी जाळे तपासावे, मग डिस्क निवडावी.

दूरच्या डिस्कवरच्या फाइली स्वतःच्या असल्यासारख्या वापरण्याची सर्वांत प्रभावी जुनी पद्धत म्हणजे सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेली नेटवर्क फाइल सिस्टिम, अर्थात एनएफएस. क्लायंटविषयी, म्हणजे फाइल मागणाऱ्या संगणकाविषयी, सर्व्हरने काहीही लक्षात ठेवायचे नाही, असे तिच्या रचनाकारांनी ठरवले. ‘ही फाइल उघडून ठेव’ अशी विनंतीच तिच्यात नव्हती. अमुक फाइलचा, अमुक बाइटपासून पुढचा, इतका भाग दे, अशी प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असे. उत्तर आले नाही तर क्लायंटने तीच विनंती पुन्हा करायची, कारण ठरावीक जागी तोच मजकूर दोनदा लिहिला गेला तरी काही बिघडत नाही. सर्व्हर कोसळून पुन्हा उभा राहिला, तरी क्लायंटच्या लेखी तो फक्त काही काळ मंदावलेला असतो. युनिक्सवर काम केलेल्यांना ‘सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे’ या अर्थाची ओळ आणि काही वेळाने येणारी ‘सर्व्हर ठीक’ ही ओळ चांगली परिचित आहे. इतकी साधी कल्पना इतका मोठा धक्का पचवू शकते, हे या रचनेचे खरे मोठेपण आहे.

त्याची किंमतही होती. सर्व्हरला काही आठवत नसल्यामुळे लिहिलेले प्रत्यक्ष डिस्कवर उतरल्याखेरीज त्याला पोच देता येत नसे आणि लिहिण्याचे काम रेंगाळे. फाइल पुसण्यासारखी विनंती दोनदा करता येत नाही, कारण दुसऱ्या वेळी ‘अशी फाइलच नाही’ असे उत्तर येते. म्हणून नुकत्याच दिलेल्या उत्तरांची आठवण सर्व्हरवर ठेवावी लागली. फाइलीला कुलूप लावण्यासाठी वेगळी सेवा जोडावी लागली. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत सर्व्हरने मजकूर तात्पुरता स्मृतीत ठेवायचा आणि डिस्कवर पक्का झाल्याची खात्री मिळेपर्यंत क्लायंटने आपली प्रत सोडायची नाही, अशी तडजोड झाली. २००० साली मांडल्या गेलेल्या चौथ्या आवृत्तीत स्मरणशून्यतेचा आग्रह सोडून दिला गेला. कुलूप ठरावीक मुदतीसाठी मिळते, आणि क्लायंटने मुदत वाढवली नाही तर सर्व्हर ते काढून घेऊ शकतो.

विंडोजच्या जगात रूढ असलेला एसएमबी हा नियमसंच आयबीएममध्ये बॅरी फायगेनबाउम यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रचला आणि मायक्रोसॉफ्टने वाढवला. कोणी कोणती फाइल उघडली आहे हे इथला सर्व्हर लक्षात ठेवतो. एकटाच कोणी फाइल वापरत असेल तर त्याला ती स्वतःकडे साठवून काम करण्याची मुभा मिळते आणि दुसऱ्याने ती मागताच मुभा परत घेतली जाते. यामुळे काम झपाट्याने होते. मात्र जोडणी तुटली की उघड्या फाइलींचा धागाही तुटतो, आणि तो पुन्हा जोडण्याची सोय दुसऱ्या आवृत्तीपासून आली. कॅनबेरातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी तारेवरून जाणारी पॅकेटे न्याहाळून या नियमांचा माग काढला आणि १९९२ मध्ये युनिक्सवर चालणारा सर्व्हर लोकांसाठी खुला केला. सांबा या नावाने तो पुढे जगभर पोहोचला. घरगुती नॅस पेट्यांपैकी, म्हणजे जाळ्याला जोडून फाइली पुरवणाऱ्या साठवण पेट्यांपैकी, पुष्कळशा आजही आतून सांबाच चालवतात. युरोपीय आयोगाच्या २००४ च्या निर्णयानंतर, २००७ च्या अखेरीस, सांबाच्या कार्यकर्त्यांना मायक्रोसॉफ्टकडून या नियमांची अधिकृत कागदपत्रे मिळाली. तोवरचे काम निरीक्षणावर झाले होते, आणि ते मोफत वाटले गेले होते.

एनएफएस आणि एसएमबी फाइली देतात. सॅन नावाने ओळखली जाणारी दुसरी पद्धत फाइली देत नाही, तर नुसते क्रमांकित ठोकळे, म्हणजे ब्लॉक देते. पहिल्या पद्धतीत ग्रंथपालाकडे पुस्तक मागायचे असते. दुसरीत कपाटाची किल्ली हाती येते आणि कोणता खण कशाचा हे आपणच ठरवायचे असते. यासाठी मोठ्या संस्थांत फायबर चॅनेलचे स्वतंत्र जाळे उभारतात. २००४ मध्ये प्रमाणित झालेल्या आयस्कझीमुळे डिस्कच्या आज्ञा साध्या टीसीपीवरूनही पाठवता येऊ लागल्या. डेटाबेस आणि आभासी यंत्रांसाठी ही पद्धत उत्तम आहे. परंतु एकच ब्लॉक साठवण दोन सर्व्हरांना जोडून दोघांवर नेहमीची फाइल सिस्टिम चालवली, तर एकाने काय लिहिले हे दुसऱ्याला कळत नाही आणि थोड्याच वेळात सगळा डेटा विस्कटतो. असा सामायिक वापर हवा असेल तर त्यासाठीच रचलेली क्लस्टर फाइल सिस्टिम घ्यावी लागते. नॅस आणि सॅन यांच्यातला खरा फरक तारेत किंवा किमतीत नसून फाइल सिस्टिम कोणाच्या ताब्यात आहे यात आहे.

डिस्क बिघडतेच, म्हणून अनेक डिस्का मिळून डेटा राखण्याची रेड ही पद्धत वापरतात. तिची मांडणी बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ च्या शोधनिबंधात केली. चार टेराबाइटच्या चार डिस्का रेड ५ मध्ये लावल्या तर वापरायला बारा टेराबाइट मिळतात आणि कोणतीही एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत राहतो. रेडला बॅकअप समजणे ही फार महागात पडणारी समजूत आहे. चुकून पुसलेली फाइल सगळ्या डिस्कांवरून एकदमच पुसली जाते. काही तासांपूर्वीची स्थिती दाखवणारे स्नॅपशॉट अशा वेळी उपयोगी पडतात, पण तेही त्याच पेटीत असतात.

जाळ्यावरच्या साठवणीपर्यंत हल्लेखोरही जाळ्यावरूनच पोहोचतो. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रणालीने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील त्रुटी वापरली होती. दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती, पण असंख्य संगणकांवर ती बसवलेली नव्हती. जूनमध्ये नॉटपेट्या या दुसऱ्या हल्ल्याने तीच त्रुटी इतर मार्गांच्या जोडीने वापरली. मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचे जगभरचे संगणक बंद पडले, आणि न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामही थांबले. मर्स्कच्या डोमेन कंट्रोलरांच्या, म्हणजे वापरकर्त्यांची ओळख व परवानग्या सांभाळणाऱ्या सर्व्हरांच्या, प्रती आपापसांत डेटा जुळवून घेत, पण त्या सगळ्या एकत्रच नष्ट झाल्या. घानामधील एक प्रत तेवढी वाचली, कारण तेथील वीज गेल्याने ती जाळ्यापासून तुटलेली होती. एक प्रत जाळ्याबाहेर, दुसऱ्या जागी ठेवा असे जाणकार सांगतात, त्यामागे असे अनुभव आहेत.

दूरच्या प्रतीला अंतराची मर्यादा असते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. शंभर किलोमीटरवरच्या केंद्रात लिहून पोच मिळवायला त्यामुळे किमान एक मिलिसेकंद लागतो. एकही व्यवहार गमावून न चालणाऱ्या संस्था तत्काळ जुळणारी प्रत जवळच्या केंद्रात ठेवतात आणि हजारो किलोमीटरवरची प्रत थोडी मागे राहू देतात.

फाइल आणि ब्लॉक यांच्या जोडीला क्लाउडमध्ये रूढ झालेली ऑब्जेक्ट साठवण ही तिसरी पद्धत. ॲमेझॉनने १४ मार्च २००६ रोजी एस३ सुरू केले. येथे खऱ्या अर्थाने फोल्डर नसतात, फाइलीच्या मधला एखादा भाग बदलता येत नाही. एका नावाखाली संपूर्ण वस्तू ठेवायची किंवा आणायची, एवढेच. एवढे सोडून दिल्यामुळेच ती साठवण अफाट वाढू शकते. सुरुवातीच्या काळात एखादी वस्तू बदलून लगेच वाचली तर जुनी प्रत हाती येण्याची शक्यता असे आणि प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ती गृहीत धरावी लागे. डिसेंबर २०२० पासून एस३ मध्ये लेखनानंतर लगेच केलेले वाचन नवीच प्रत देते.