नाव खरवडलेल्या तबकड्या

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे लोक आपली यंत्रे घेऊन कलकत्त्यास आले आणि गौहरजानचे गाणे त्यांनी तबकडीवर उतरवून घेतले. गाणे संपता संपता बाईंनी इंग्रजीत आपले नाव मोठ्याने सांगितले. तबकड्या छापावयाच्या होत्या जर्मनीत, हानोव्हर येथे. तेथल्या कारागिरांना गायिका कोण हे कळावे म्हणून ही योजना होती. आपल्याकडील ध्वनिमुद्रणाचा आरंभ अशा रीतीने नाव पुकारून झाला. आज ज्या संगीताविषयी मला बोलावयाचे आहे त्याचा इतिहास नेमका उलट टोकाने सुरू होतो. त्यात तबकडीवरील नाव खरवडून काढणे ही पहिली विद्या होती.

हिप हॉप, इलेक्ट्रॉनिक संगीत आणि रीमिक्स हे शब्द घरोघरच्या तरुण मंडळींच्या तोंडी आहेत. वडीलधाऱ्यांच्या कानी हे संगीत बहुधा भिंतीपलीकडून येणाऱ्या ठोक्यांच्या रूपानेच पडते, आणि त्यांचे मत त्या ठोक्यांवरून बनते. ते बदलावे असा माझा आग्रह नाही. परंतु हे संगीत ज्यांनी शोधून काढले ते गायक नव्हते, वादक नव्हते, ते ऐकणारे लोक होते, ही गोष्ट संगीताच्या इतिहासात विरळा आहे आणि म्हणूनच विचार करण्याजोगी आहे.

आरंभ होतो जमैका बेटाच्या राजधानीत, किंग्स्टन शहरी. १९५० नंतरच्या दशकात तेथील गरीब वस्त्यांतून वाद्यवृंद बोलावण्याची ऐपत कोणाची नव्हती. मग कोणी एक उद्योगी माणूस मोठे ध्वनिक्षेपक आणि तबकड्यांची पेटी घेऊन मोकळ्या जागेत नृत्याचा जलसा मांडी आणि प्रवेशाचे पैसे घेई. ह्या थाटाला तेथे ‘साउंड सिस्टिम’ म्हणत. दोन सिस्टिमवाल्यांत चढाओढ असे ती अशी की, दुसऱ्यापाशी नसलेली अमेरिकन तबकडी आपल्यापाशी असावी. क्लेमेंट डॉड हा त्यांतील एक मोठा असामी. शाळेत असताना तो क्रिकेट चांगले खेळे, म्हणून यॉर्कशायरचा खेळाडू कॉक्सन ह्याच्यावरून त्याला ‘कॉक्सन’ हे टोपणनाव पडले होते. त्याच्याजवळ सॅक्सोफोनची एक तबकडी होती. तिचा कागद त्याने खरवडून टाकला आणि ‘कॉक्सन हॉप’ असे आपलेच नाव तिला ठेवले. ड्यूक रीड हा त्याचा प्रतिस्पर्धी कित्येक वर्षे त्या तबकडीच्या मागावर होता. अखेर ती विलिस जॅक्सन नामक अमेरिकन वादकाची आहे हे त्याला उमगले आणि एका रात्री त्याने ती डॉडच्या समक्ष वाजविली. डॉडला तेथेच भोवळ आली असे सांगतात. ह्या गोष्टीत विलिस जॅक्सन कोठे आहे, हे कोणी विचारीत नाही. त्याला ह्या लढाईचा पत्ता तरी असेल काय!

ह्याच किंग्स्टनमध्ये १९५५ साली जन्मलेला क्लाइव्ह कँपबेल हा मुलगा १९६७ साली न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात राहावयास आला. तो काळ ब्राँक्सच्या पडतीचा होता. भरवस्तीतून हमरस्ता काढण्यासाठी हजारो कुटुंबे उठविली गेली होती, घरमालक इमारतींकडे पाहीनासे झाले होते आणि पुढे तर आगी लागून गल्ल्याच्या गल्ल्या ओसाड पडल्या. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक मार्गावरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत कँपबेलच्या बहिणीने एक नृत्याची मेजवानी ठेवली. शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांपुरते पैसे मिळवावे, एवढाच तिचा हेतू होता. प्रवेशशुल्क मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. तबकड्या वाजविण्याचे काम भावाकडे होते. तो ‘कूल हर्क’ ह्या नावाने पुढे प्रसिद्धीस आला, आणि हिप हॉपचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख मानली जाते.

त्याने केले ते काय? त्याने नाचणाऱ्यांकडे लक्ष दिले. गाणे चालू असता ही मंडळी भिंतीला टेकून उभी राहत. मध्येच सर्व वाद्ये थांबून ढोलवादक एकटाच चार-दोन आवर्तने वाजवी, की ती धावत पुढे येत. ह्या जागेला ‘ब्रेक’ म्हणतात. ती दहा-पंधरा सेकंदांत संपे आणि मंडळी पुन्हा भिंतीकडे जात. आपल्या संगीत नाटकांत एखाद्या पदावर ‘वन्समोअर’चा गजर झाला की नट ते पद पुन्हा म्हणे, प्रसंगी तिसऱ्यांदाही म्हणे. तबकडीतला ढोलवादक काही वन्समोअर ऐकत नाही. कँपबेलने एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपतो न संपतो तोच दुसरीवरचा सुरू करावयाचा, तो वाजे तो पहिलीची सुई मागे न्यावयाची. दहा सेकंदांची जागा पाहिजे तितकी मिनिटे चालू लागली. जेम्स ब्राऊनच्या तबकड्या तर त्याच्या पेटीत होत्याच. पण १९७३ साली निघालेली इन्क्रेडिबल बाँगो बँड ह्या वाद्यवृंदाची, फारशी कोणी न विचारलेली तबकडी ह्या एका युक्तीने त्या वस्तीत अमर झाली.

आणि ह्या तबकड्यांवरचे कागदही कँपबेल पाण्यात भिजवून काढून टाकी! बापाने त्याला ही किंग्स्टनची रीत शिकविली होती. दुसरे मुलगे जवळ येऊन फिरत्या तबकडीकडे डोळे फाडून पाहत; त्यांना काळी चकती तेवढी दिसे.

पुढील कसब दुसऱ्यांचे. जोसेफ सॅडलर, ऊर्फ ग्रँडमास्टर फ्लॅश, हा विद्युत्‌यंत्रांचे शिक्षण घेतलेला तरुण होता. दुसऱ्या यंत्रावर काय चालले आहे ते श्रोत्यांना कळू न देता आपल्या कानाला आधी ऐकू यावे, अशी जोडणी त्याने केली. सुई नेमकी कोठे आणावयाची ह्याच्या खुणा तो तबकडीवर रंगीत खडूने करी. कँपबेलच्या हातून तुकडे थोडे मागेपुढे होत. फ्लॅशने ते तालात सांधले.

अमेरिकेत हे चालले असता जमैकातही एक निराळा शोध लागत होता. किंग टबी हा किंग्स्टनचा विजेच्या उपकरणांचा कारागीर. गाण्याच्या मुद्रणातून गायकाचा आवाज मधूनच काढून टाकावा, ढोल आणि खर्जाची तार तेवढी ठेवावी, त्यावर प्रतिध्वनी सोडावा, असे प्रयोग तो १९७० नंतर करू लागला. मूळ मुद्रण तेच; पण गाणे ओळखू येऊ नये इतके वेगळे. न्यूयॉर्कमध्ये नृत्यगृहांसाठी गाणी लांबविण्याची प्रथा ह्याच सुमारास पडली, आणि १९७६ साली वॉल्टर गिबन्स ह्याने ‘टेन पर्सेंट’ हे गाणे असे पुन्हा जुळविले. ते बारा इंची तबकडीवर बाजारात आले. रीमिक्स हा धंदा झाला तो येथून.

धंदा झाला म्हणजे नावाचा प्रश्न आला. १९७९ साली ‘रॅपर्स डिलाइट’ ह्या तबकडीने हिप हॉप जगभर पोहोचविले. तिच्या खाली वाजणारी चाल ‘शीक’ ह्या वाद्यवृंदाच्या त्याच वर्षीच्या गाण्याची होती. परंतु रचनाकार म्हणून नाईल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स ह्यांची नावे तबकडीवर नव्हती. रॉजर्सने ती एका नृत्यगृहात ऐकली. न्यायालयाची भाषा निघाली तेव्हा नावे छापली गेली. ह्याहून मौजेची, आणि दुःखाचीही, गोष्ट शब्दांची आहे. त्या गाण्यातील एका गायकाने ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझ ह्याच्या वहीतून कवने घेतली, आणि ती इतक्या बेफिकिरीने म्हटली की कॅझने स्वतःचे नाव अक्षरशः फोडून सांगितले होते तेही जसेच्या तसे राहून गेले. जुन्या पदांत कवीची नाममुद्रा असते, तशी ही मुद्रा आजही त्या तबकडीत ऐकू येते. कॅझला त्याचा मोबदला मिळाला नाही.

इलेक्ट्रॉनिक संगीताची गाठ ह्या मंडळींशी पडली ती १९८२ साली. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहरचे क्राफ्टवेर्क हे वादक यंत्रांवर संथ, कोरीव संगीत रचीत. ब्राँक्सच्या आफ्रिका बाँबाटा ह्याला ते इतके आवडले की त्यांची चाल आणि त्यांचा ताल घेऊन, जपानी रोलँड कंपनीच्या तालयंत्रावर, ‘प्लॅनेट रॉक’ ही तबकडी निघाली. जर्मन वादकांनी ह्याबद्दल पैसे वसूल केले. पुढे त्यांच्याच एका जुन्या मुद्रणातील दोन सेकंदांचा ठोका १९९७ साली एका जर्मन गाण्यात वापरला गेला, आणि त्या दोन सेकंदांचा दावा युरोपीय न्यायालयापर्यंत जाऊन २०१९ साली तेथे निर्णय झाला. दोन सेकंदांसाठी वीस वर्षे! हसू येते; पण पुढील हकीकत ऐकल्यावर हसू आवरते.

१९६९ साली विन्स्टन्स ह्या वाद्यवृंदाची एक तबकडी निघाली. तिच्या पहिल्या बाजूचे गाणे गाजले. दुसऱ्या बाजूस जागा भरण्यापुरते ‘आमेन, ब्रदर’ हे वादन होते, आणि त्यात ग्रेगरी कोलमन ह्या ढोलवादकाने चार मात्रांची चार आवर्तने एकट्याने वाजविली होती. सहा-सात सेकंदांचे काम. १९८६ साली ब्रेक गोळा करणाऱ्या एका संग्रहात ती तबकडी आली, आणि तेव्हापासून हे सेकंद हजारो ध्वनिमुद्रिकांत वाजले आहेत. १९९० नंतर इंग्लंडात ‘जंगल’ नावाचा एक संपूर्ण संगीतप्रकार त्यांचा वेग वाढवून आणि तुकडे उलटसुलट जोडून उभा राहिला. कोलमनला एक पैसाही मिळाला नाही. २००६ साली तो अत्यंत दारिद्र्यात वारला. वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर ह्याला २०१५ साली इंग्लंडातील चाहत्यांनी वर्गणी करून २४,००० पौंड दिले.

कायदा तोपर्यंत जागा झाला होता. १९९१ साली न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशाने अशाच खटल्याच्या निकालाचा आरंभ चोरीविषयीच्या बायबलातील आज्ञेने केला. त्यानंतर दुसऱ्याचा तुकडा घ्यावयाचा तर आधी परवानगी काढावी लागे आणि दाम मोजावे लागे. हे न्याय्य होते. पण परवानगीचे दाम मुद्रणाच्या मालकाला मिळतात, हात चालविणाऱ्याला बहुधा नाही, आणि कोलमनसारख्याला त्याचा उपयोग झाला नाही. माझ्या मते ह्या सगळ्या वादातली खरी गोम येथे आहे. ब्राँक्सच्या मुलांनी नाव लपविले ते गरिबीत, शेजारच्या पोरावर मात करण्यासाठी. कंपन्यांनी वगळले ते हिशेबाने. दोहोंना एकच नाव देणे मला पटत नाही.

हा प्रश्न मुंबईच्या दारीही आला. २००२ साली अमेरिकेत ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ हे गाणे गाजत होते आणि त्यात सबंधभर एक हिंदी आवाज घुमत होता. तो लता मंगेशकरांचा होता. १९८१ च्या ‘ज्योति’ चित्रपटातील, बप्पी लाहिरी ह्यांनी स्वरबद्ध केलेल्या गीतातला. निर्माता डीजे क्विक ह्याने दूरचित्रवाणीवर चाललेल्या चित्रपटात तो ऐकला आणि तेथूनच टिपून घेतला. लाहिरींनी अमेरिकेत दावा लावला, आणि त्यांचे नाव छापल्यावाचून ती तबकडी विकू नये असा हुकूम लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने दिला. पैशांचे दावे निराळे होते. पण पहिला हुकूम नावाविषयी झाला, हे मला लक्षणीय वाटते.

त्याच २००२ साली दिल्लीत एका डच संग्राहकाला जुन्या तबकड्या धुंडाळताना एक वेगळीच वस्तू सापडली. मुंबईच्या चित्रपट-ध्वनिमुद्रणांतील वादक चरणजित सिंग ह्यांनी १९८२ साली भैरवी, ललत, मालकंस अशा दहा रागांची धून रोलँड कंपनीच्या यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात वाजविली होती. तबकडी खपली नाही, लोक विसरले. त्यांपैकी खर्जाचे एक यंत्र गिटारवादकांना साथ मिळावी म्हणून बनविलेले होते, आणि ते न खपल्यामुळे कंपनीने १९८४ साली बंद केले. शिकागोच्या तरुणांनी ती यंत्रे जुन्या बाजारातून स्वस्तात घेऊन १९८७ साली ‘अ‍ॅसिड’ नावाचा संगीतप्रकार काढला, अशी सर्वांची समजूत होती. २०१० साली सिंग ह्यांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा ऐकणारे थक्क झाले. तोच आवाज, पाच वर्षे आधी, मुंबईत! काहींचा तर विश्वासच बसेना. कोणा युरोपीय वादकाने थट्टेने हे रचून जुन्या तारखेखाली खपविले असावे, असा तर्क त्यांनी लढविला. नाव ह्या खेपेस कोणी पुसलेले नव्हते, वेष्टनावर ठळक छापलेले होते. तेच लोकांना खोटे वाटले. सत्तरी ओलांडलेल्या सिंगांनी त्यानंतर युरोपात जाऊन तेच राग त्या यंत्रांवर लोकांसमोर वाजवून दाखविले. २०१५ च्या जुलैत मुंबईत त्यांचे निधन झाले.