बेल वाजली, पण कुणाला कळलं?

घरासाठी एक बरी बिनतारी बेल घ्यायची म्हणून शुक्रवारी रात्री नेटवर शोधायला बसलो आणि नेहमीप्रमाणे सगळा शनिवार १८३१ सालात गेला. बायकोचं म्हणणं, पाचशे रुपयांच्या वस्तूसाठी इतकं कोण वाचतं? असो. पण बेल निवडताना मला जे प्रश्न पडले होते, ते दोनशे वर्षांपासून लोकांना पडत आलेत हे कळल्यावर मला राहवेना. म्हणून हा लेख.

मूळ प्रश्न एकच आहे. बाहेरच्या माणसाने बेल वाजवली हे आतल्याला कळायला हवं, आणि आतल्याला कळलंय की नाही याचा काहीतरी अंदाज बाहेरच्याला यायला हवा. वाड्याच्या दिंडी दरवाज्याची कडी वाजवताना हा प्रश्नच नव्हता. कडीचा आवाज दोघांनाही सारखाच ऐकू यायचा. घरं मोठी झाली, माणसं आतल्या खोल्यांत गेली, तिथून भानगड सुरू झाली.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या बड्या घरांनी यावर तारांचा उपाय काढला. ही तार विजेची नव्हे हं, साधी ओढायची. दारात किंवा दिवाणखान्यात दांडी ओढली की भिंतीतून गेलेली तार, कोपऱ्याकोपऱ्यावरच्या छोट्या कोनी पट्ट्या, असं करत करत खाली नोकरांच्या खोलीपाशी टांगलेली घंटा वाजायची. प्रत्येक खोलीची घंटा वेगळी. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्या घंटा गुंडाळलेल्या पोलादी स्प्रिंगवर टांगलेल्या असत. आवाज थांबल्यावरही घंटा बराच वेळ डुलत राहायची. नोकर धावत आला तरी कुठली घंटा वाजली हे त्याला डोळ्यांनी दिसायचं. म्हणजे बघा, आवाज विरून गेला तरी 'स्टेट' शिल्लक राहते! आमच्या प्रोजेक्टमध्ये हेच करायला तीन मीटिंगा लागल्या होत्या :-)

वाफेच्या इंजिनांवर काम करणाऱ्या आणि कोळशाच्या गॅसवर दिवे पेटवणाऱ्या विल्यम मर्डॉकने बर्मिंगहॅमजवळच्या आपल्या घरात दाबलेल्या हवेवर चालणारी बेल बसवली होती असं सांगतात. ती काही फार पसरली नाही. खरी उडी मारली ती ऑल्बनी अकॅडमीतल्या एका मास्तरने.

त्याचं नाव जोसेफ हेन्री. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीच्या या शाळेत तो शिकवायचा. विल्यम स्टर्जनने १८२०च्या दशकात विद्युतचुंबक केला होता, पण त्यात उघडी तार विरळ गुंडाळलेली असे. हेन्रीने तारेवरच आवरण चढवलं आणि तिचे दाट थर गुंडाळले, त्यामुळे चुंबकाची ताकद प्रचंड वाढली. मग १८३१ साली त्याने वर्गात मैलाहून लांब तार फिरवली. एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला विद्युतचुंबक, आणि त्याच्यापाशी अणकुचीवर फिरणारा एक लोहचुंबक. प्रवाह सोडला की लोहचुंबक फिरायचा आणि शेजारच्या घंटेवर आपटायचा. टण्! मैलभर तारेपलीकडे घंटा वाजली. पुस्तकांत हा प्रयोग तारायंत्राची पूर्वतयारी म्हणून येतो, आणि ते बरोबरच आहे. पण मी त्याला जगातली पहिली विजेवरची बेल म्हणेन. हेन्रीने याचं पेटंट घेतलं नाही. पुढे १८४६ साली तो स्मिथसोनियन संस्थेचा पहिला सचिव झाला.

हेन्रीची घंटा एका वेळी एकच ठोका देत होती. सलग 'टर्रर्र' वाजणारी बेल व्हायला एक गंमतशीर युक्ती लागली. फ्रँकफर्टच्या योहान वागनरने १८३६च्या सुमारास ती केली. चुंबक हातोडीला ओढतो, पण हातोडी हलली की तिच्यातूनच जाणारा प्रवाह तुटतो. प्रवाह तुटला की चुंबकाचा जोर जातो, स्प्रिंग हातोडीला मागे आणते, जोड पुन्हा जुळतो, चुंबक पुन्हा ओढतो. स्वतःच स्वतःला थांबवणारं आणि स्वतःच पुन्हा सुरू करणारं व्हाइल लूप, कॉम्प्युटरच्या शंभर वर्षं आधी.

पण वीज कुठून आणायची? घरोघरी वीज यायला अजून अवकाश होता. उत्तर मिळालं १८६६ साली, फ्रेंच माणूस जॉर्ज लक्लांशेच्या सेलमध्ये. काचेची बरणी, त्यात नवसागराचं पाणी, जस्ताची कांडी, कार्बन आणि मँगनीज डायऑक्साइड. हा सेल सलग वापरला तर दमतो, पण विश्रांती दिली की पुन्हा ताजातवाना. बेलला नेमकं हेच हवं! दिवसातून दहा-वीस वेळा, दोन-दोन सेकंद. कधीमधी पाणी घालायचं की झालं. विजेचा दिवा घरात येण्याआधी अनेक युरोपीय घरांत विजेची बेल आली होती, ती या बरणीच्या जोरावर. आपल्या साध्या ड्राय सेलचं रसायन याच घराण्यातलं.

आपल्याकडे मात्र बेल आली ती थेट घरच्या मेन लाइनवर. अमेरिकेत-इंग्लंडमध्ये बेलसाठी छोटा ट्रान्सफॉर्मर लावून पंधरा-वीस व्होल्टच्या आतबाहेर काम भागवतात. आपण २३० व्होल्ट सरळ दाराबाहेरच्या बटनापर्यंत नेले. पावसाळ्यात भिंत ओली झाली की बेल दाबणाऱ्याला झिणझिण्या! आणि लाइट गेले की बेल मुकी. डिंग-डाँग बेल आतून उघडून बघा कधी (मेन स्विच बंद करून). एक कॉइल, तिच्यात सरकणारी लोखंडी कांडी आणि दोन पट्ट्या. दाबलं की कांडी एका पट्टीवर आपटून 'डिंग', सोडलं की स्प्रिंगने मागे येऊन दुसरीवर 'डाँग'. यापेक्षा कमी बिघडणारं यंत्र शोधून दाखवा. नंतर चिमणीच्या आवाजाच्या बेल आल्या, मग यूएम६६ नावाच्या तीन पायांच्या आयसीवर एकच धून वाजवणाऱ्या. पुण्यात तपकीर गल्लीत हिंडलेल्या माझ्या पिढीच्या प्रत्येक पोराने तो आयसी एकदा तरी जोडलाय.

आता माझ्या घरचा प्रश्न. बाबा ८१ वर्षांचे. त्यांची खोली मागच्या बाजूला, बेल पुढे हॉलमध्ये. मागच्या महिन्यात रक्ताचा नमुना घ्यायला मुलगा सकाळी सातला आला, दोनदा बेल दाबली, थांबला आणि निघून गेला. आम्ही कुणी घरी नव्हतो. बाबा दहा वाजेपर्यंत उपाशीपोटी वाट बघत बसले. मधुमेह असलेल्या माणसाला हे परवडणारं नाही, त्या दिवशी त्यांना घाम फुटला आणि हात थरथरायला लागले. शेजारच्या काकूंनी साखरपाणी दिलं म्हणून निभावलं. नवीन तार मागच्या खोलीपर्यंत न्यायची तर चार भिंतींना छिन्नी लावावी लागणार. म्हणून बिनतारी.

आणि बिनतारी बेलच्या इतिहासात आपलं नाव अगदी वरच्या ओळीत आहे, हे मला मनापासून आवडलं. १८९५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी विद्युतचुंबकीय लहरी पाठवून दूरवर एक घंटा वाजवली आणि बंदुकीची दारूही उडवली. मध्ये दोन भिंती, अंतर २३ मीटर. आयईईई या संस्थेने २०१२ साली हा मैलाचा दगड म्हणून मान्य केला, आणि त्यांच्या फलकावर ६० गिगाहर्ट्झ असा आकडा आहे. म्हणजे ५ मिलिमीटरची लहर. आज याच पट्ट्यात चालणारं वायफाय साध्या भिंतीपुढे नांगी टाकतं, त्यामुळे त्या दोन भिंती कशाच्या होत्या हे मला विचारावंसं वाटतं. पण बोसांच्या उपकरणांची नजाकत बघितली की शंका घेताना जरा ओशाळायला होतं. पेटंटांच्या बाबतीत तेही हेन्रीसारखेच उदासीन. मित्रांच्या आग्रहाखातर घेतलेलं एक अमेरिकन पेटंट त्यांना १९०४ साली मिळालं. त्याच १८९५ साली रशियात पपोव्हने विजांचा सुगावा लावणारं यंत्र दाखवलं. त्यातही विजेची बेलच होती. तिची हातोडी पुढे जाताना घंटा वाजवायची आणि मागे येताना लोहकिसाच्या नळीला टिचकी मारून तिला पुढच्या लहरीसाठी तयार करायची. रेडिओने पहिली बडबड केली ती बेलच्या आवाजात, असं म्हणायला हरकत नाही.

आज बाजारातली बहुतेक स्वस्त बिनतारी बेल ४३३ मेगाहर्ट्झवर चालते. लहर साधारण ६९ सेंटिमीटरची, त्यामुळे भिंतींतून बऱ्यापैकी जाते. २.४ गिगाहर्ट्झपेक्षा नक्कीच बरी. रिसिव्हर बऱ्याचदा सुपर-रीजनरेटिव्ह जातीचा असतो, जो एडविन आर्मस्ट्राँगने १९२२ साली मांडला. अतिशय स्वस्त, अतिशय संवेदनशील, आणि कुणाचंही ऐकणारा! शेजाऱ्याची बेल दाबली की आपली वाजते, ती तक्रार मात्र कोडची असते. जुन्या पीटी२२६२ चिपमध्ये पत्त्याचे बारा पाय तीन-तीन अवस्थांत जोडता येतात, म्हणजे ५,३१,४४१ कोड. पण पाय जोडायचा कंटाळा करून कारखान्याने सगळे मोकळे सोडले तर कोड उरतो एकच. ईव्ही१५२७ चिपमध्ये वीस बिटांचा कोड आधीच कोरून येतो, दहा लाखांच्या वर. रिसिव्हरला बटन 'शिकवावं' लागतं अशी बेल घ्या, म्हणजे हा त्रास जवळपास संपतो.

बटनावरचा दिवा मात्र फसवा. तो लुकलुकला याचा अर्थ बटन ओरडलं, एवढाच. रिसिव्हरने ऐकलं का, ते बटनाला कधीच कळत नाही, कारण परतीचा रस्ताच नाही. नेटवर्कवाल्यांनी यूडीपी आठवावा. आणि बटनातली बारकी बॅटरी संपली की दिवा नाही, आवाज नाही, पाहुणा मात्र आत कुणी नाही समजून परत. पुन्हा तोच रक्तवाला मुलगा.

यावर सध्याचं उत्तर म्हणजे बिनबॅटरीचं बटन. दाबताना आतला लोहचुंबक कॉइलपाशी झटक्यात हलतो आणि तेवढ्या विजेवर एक संदेश जातो. हे तत्त्व फॅरडेने दाखवलं १८३१ साली, म्हणजे हेन्रीने घंटा वाजवली त्याच वर्षी! अशी बटनं धंद्यात आणायला जर्मनीत २००१ साली एनओशन ही कंपनी निघाली, आणि आता ती युक्ती साध्या बेलमध्येही उतरलीय. बटन दाबायला जरा जड असतं आणि 'टक्' असा आवाज येतो. मला तर ते आवडलं, दाबणाऱ्याच्या बोटाला तरी कळतं. कॅमेऱ्याच्या बेल मी यादीतून आधीच काढल्या. त्या फोनवर निरोप पाठवतात, आणि बाबांचा फोन बहुधा उशीखाली असतो.

शेवटचा मुद्दा आवाजाचा. पिझो बझर साधारण २ ते ४ किलोहर्ट्झला सगळ्यात मोठ्याने वाजतो, आणि वयानुसार ऐकू येणं कमी होतं ते वरच्या पट्टीपासूनच. म्हणजे चिमणीची बेल आम्हाला कानठळ्या बसवेल आणि बाबांना ऐकूही येणार नाही. म्हणून खरा स्पीकर असलेला, खालच्या पट्टीतली डिंग-डाँग वाजवणारा आणि सोबत मोठा दिवा लावणारा रिसिव्हर घेतला. एक बाबांच्या खोलीत, एक हॉलमध्ये, म्हणजे बाहेर उभ्या माणसालाही आवाज येतो. बटन लोखंडी सेफ्टी दारावर न लावता शेजारच्या भिंतीवर, लाकडी पट्टीवर लावलं. धातूला चिकटवलं की रेंज पार कोसळते. डब्यावरचे १५० मीटर मोकळ्या मैदानातले असतात. बाबांना खोलीत बसवून, सगळी दारं लावून, मी वीस वेळा दाबून बघितलं. वीसही वेळा त्यांनी आतून "आलो" म्हटलं, शेवटी शेवटी जरा वैतागून.

जुनी तारेची डिंग-डाँग काढलेली नाही. तिच्या बटनाला आता छोटा ट्रान्सफॉर्मर लावून कमी व्होल्टेजवर आणायचंय, कॉइलही बदलावी लागेल. ते काम पुढच्या रविवारी. सध्या दोन्ही बटनं शेजारी शेजारी आहेत आणि वर चिठ्ठी लावलीय, 'दोन्ही दाबा'. पेपरवाल्याने काल विचारलं, "आधी कुठलं?"