अपुऱ्या ग्रंथाचा वारसा

‘कादंबरी’ हा शब्द मराठी माणूस दिवसातून अनेकदा उच्चारतो. पण हे मुळात एका पुस्तकाचे नाव आहे आणि ते पुस्तक त्याच्या कर्त्याच्या हातून पुरे झाले नव्हते, ह्या गोष्टीचे स्मरण फारसे कोणाला नसते. सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टाने ‘कादंबरी’ ही गद्यकथा लिहावयास घेतली. नायिकेची विरहव्यथा चंद्रापीडाच्या कानी घातली जात असतानाच बाणाची लेखणी थांबली, ती कायमची. पुढचा भाग त्याच्या मुलाने लिहिला. परंपरा त्याला भूषणभट्ट किंवा पुलिंद म्हणते. आपल्या भागाच्या आरंभीच त्याने मोकळेपणाने सांगून टाकले आहे की, पिता स्वर्गवासी झाल्यामुळे कथा तुटली आणि रसिकांना त्याचे दुःख झाले, म्हणून आपण हे काम अंगावर घेतले. कवित्वाच्या गर्वाने नव्हे.

खानापूर तालुक्यातील गुंजीसारख्या गावी ह्या शब्दाला आणखी एक अर्थ येतो. बेळगावहून लोंढ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील ह्या भागात मराठी आणि कानडी ह्या दोन्ही भाषा एकाच बाजारात, एकाच गाडीच्या डब्यात ऐकू येतात. राज्यांच्या सीमेवरून ह्या प्रदेशात पुष्कळ वाद झाले; परंतु दीर्घ कल्पित कथेला दोन्ही भाषा ‘कादंबरी’ असेच म्हणतात. बाणाच्या ग्रंथाचे कानडी रूपांतर नागवर्म कवीने सुमारे हजार वर्षांपूर्वी केले होते. तेव्हा लेखकाच्या मृत्यूनंतर त्याच्या अपुऱ्या कथेचे काय करावयाचे, हा प्रश्न आपल्याकडे छापखान्याबरोबर आला, असे मानण्याचे कारण नाही. तो कादंबरी ह्या नावातच बसलेला आहे.

ह्या प्रश्नाला आपल्या जुन्या परंपरेने दिलेले उत्तर पैठणात सापडते. एकनाथमहाराज ‘भावार्थ रामायण’ लिहीत होते. युद्धकांडाचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि १५९९ साली नाथांनी देह ठेवला. उरलेला ग्रंथ त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने पुरा केला, असे संप्रदाय सांगतो. गावबाची कथा वारकऱ्यांच्या घरोघरी प्रसिद्ध आहे. पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या घरी राहिलेला, मंदबुद्धी म्हणून हिणवला गेलेला हा मुलगा. त्याच्याकडून ग्रंथ पुरा होईल असे कोणास वाटणार? परंतु नाथांचा वरदहस्त त्याला लाभला, असे भाविक मानतात. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी उरते. चव्वेचाळिसावा अध्याय नाथांचा आणि त्यापुढील गावबाचा, ही खूण परंपरेने शतकानुशतके जपली आहे. ग्रंथ अखंड वाचावयाचा. मात्र हात कोठे बदलला हे विसरावयाचे नाही.

कानडी मुलखातही असेच घडले. गदगच्या वीरनारायणाच्या देवळाशी ज्याचे नाव निगडित आहे, त्या कुमारव्यासाने कानडी महाभारताची दहाच पर्वे रचली. उरलेली आठ पर्वे विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या कारकिर्दीत तिम्मण्णा कवीने रचली आणि त्या भागाला राजाच्या नावाने ‘कृष्णराय भारत’ असे वेगळे नाव मिळाले. ते एका मोठ्या ग्रंथाचे उत्तरकांड झाले. तरी मूळ ग्रंथाच्या नावाखाली दडून राहिले नाही.

ही झाली पोथ्यांची गोष्ट. पोथीचा कर्ता स्वतःला निमित्तमात्र समजत असे आणि म्हणून त्याचे काम शिष्याने पुढे नेणे स्वाभाविक वाटे. एकोणिसाव्या शतकात मासिके, साप्ताहिके आणि छापील पुस्तके आली. लेखकाचे नाव मुखपृष्ठावर आले. वाचकाला त्या एका माणसाच्या शैलीची ओढ लागली. ग्रंथ पुरा करणाऱ्यापुढे आता नवी अडचण उभी राहिली. कथानक दुसऱ्याला पुढे नेता येईल. पण ती वाणी कोठून आणावयाची?

मराठीत ह्या अडचणीची कसोटी १९१९ साली एकाच वेळी तीन ठिकाणी लागली. त्या वर्षी २३ जानेवारीस राम गणेश गडकरी सावनेर येथे वारले. वय अवघे तेहेतीस. ३ मार्चला हरि नारायण आपटे गेले. पंचावन्न वर्षे पुरी व्हावयास त्यांना पाच दिवस कमी होते. ९ मे रोजी रेव्हरंड नारायण वामन टिळक निवर्तले. साडेतीन महिन्यांत मराठीने आपला श्रेष्ठ नाटककार, श्रेष्ठ कादंबरीकार आणि एक थोर भक्तकवी गमावला. आणि तिघांच्याही लेखनसंसारात काही ना काही अपुरे राहून गेले होते. त्या अपुऱ्या कामांच्या वाट्याला मात्र तीन निरनिराळ्या गती आल्या.

हरिभाऊंच्या बाबतीत अपुरेपण हे काही अंशी त्यांच्या काळाच्या व्यवहारातूनच आले होते. त्यांच्या कादंबऱ्या नियतकालिकांतून प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध होत. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ मधील यमूची कहाणी वाचक त्यातूनच हप्त्याहप्त्याने वाचू लागले. ह्या पद्धतीत लेखक आणि वाचक यांचा घरोबा जमतो, परंतु नियतकालिक थांबले की कादंबरीही थांबते. ‘गणपतराव’ ही त्यांची सामाजिक कादंबरी अशीच अर्ध्यावर राहिली. शिवकालावर त्यांनी ‘उषःकाल’ लिहिली, पुढे ‘सूर्योदय’ आणि ‘सूर्यग्रहण’ लिहिल्या. नावांवरूनच एका आकाशात चढत जाणाऱ्या सूर्याची मालिका डोळ्यांसमोर येते. विजयनगरच्या पाडावावरील ‘वज्राघात’ पुरी झाली आणि तिने त्यांच्या कीर्तीवर कळस चढविला. जे अपुरे राहिले, ते अपुरे म्हणूनच त्यांच्या नावावर नोंदले गेले. गणपतरावाचे पुढे काय झाले असते, हे वाचकाने आपल्या मनाशी ठरवावयाचे.

गडकऱ्यांचे ‘भावबंधन’ मृत्यूपूर्वी थोडेच दिवस पुरे झाले. संभाजीच्या जीवनावरील ‘राजसंन्यास’ मात्र अपुरे राहिले आणि त्यांच्या पश्चात तसेच प्रसिद्ध झाले. हाती आलेले नाटक सलग नव्हते. मधले दुवे नसलेले ते प्रवेश होते. तरीसुद्धा महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतले. त्यातील भाषणे पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली गेली आणि जिवाजी कलमदाने हे पात्र पूर्ण नाटकांतील पात्रांइतकेच लोकांच्या ओळखीचे झाले. कोणी ते प्रवेश पेटीत बंद करून ठेवले असते, तर मराठी रंगभूमीची केवढी हानी झाली असती! आणि मधल्या जागा कोणी आपल्या पदरच्या मजकुराने बुजवून सारे नाटक गडकऱ्यांच्या नावे छापले असते, तरीही हानीच झाली असती. फक्त ती कोणाच्या ध्यानात आली नसती.

तिसरी गोष्ट टिळकांच्या ‘ख्रिस्तायना’ची. येशू ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध मराठीत आणण्याचा त्यांचा संकल्प होता. आरंभीचे दहा-बारा अध्याय झाले आणि ते गेले. हे काम पुढे कोणी उचलले? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. विवाहाच्या वेळी त्यांना लिहितावाचता येत नव्हते. अक्षरओळख झाली ती संसारात पडल्यावर. शाळेचे तोंड न पाहिलेल्या ह्या बाईंनी चौसष्ट अध्याय रचले, म्हणजे पतीच्या भागाच्या पाचपटीहून अधिक. ह्याला अपुरे काम पुरे करणे म्हणावे, की एक नवे काव्य म्हणावे? दोन्ही म्हणावे लागेल. टिळकांचे अध्याय टिळकांचे राहिले, लक्ष्मीबाईंचे लक्ष्मीबाईंचे. आणि दोघांची नावे ग्रंथाशी उघडपणे जोडली गेली.

पुढे काळाने त्यांच्याही बाबतीत तोच डाव टाकला. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपाने येऊ लागली. साधी, थट्टेखोर, बोलल्यासारखी ती भाषा मराठी गद्यात अपूर्व ठरली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा चौथा भाग पुरा झालेला नव्हता. तो त्याच वर्षी प्रसिद्ध झाला आणि पुढचा मजकूर चिरंजीव देवदत्त टिळकांनी जोडला. पतीचा ग्रंथ पत्नीने आणि आईचा ग्रंथ मुलाने हाती घेतला. परंतु लक्ष्मीबाईंची वाणी देवदत्तांना उसनी घेता येण्याजोगी नव्हती. पानांवर जेथे ती थांबते, तेथे वाचकाला ते जाणवते. एखाद्या घरातून ओळखीचा आवाज नाहीसा व्हावा, तसे ते जाणवणे असते.

इतरत्र काय घडले तेही पाहण्याजोगे आहे. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरच्चंद्र चट्टोपाध्याय मराठी वाचकांना घरच्यासारखे झाले. ते १९३८ च्या जानेवारीत वारले, तेव्हा ‘शेषेर परिचय’ ही कादंबरी अपुरी होती; कवयित्री राधाराणी देवी यांनी ती पुरी केली आणि १९३९ साली ती प्रसिद्ध झाली. प्रेमचंदांची ‘मंगलसूत्र’ १९३६ मध्ये त्यांच्या मृत्यूमुळे अर्धवट राहिली. ती कोणी पुरी केली नाही, १९४८ साली तशीच छापली गेली. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांनी ‘पथेर पांचाली’ आणि ‘अपराजित’ ह्यांतून अपूची कथा सांगितली. त्यांच्या पश्चात मुलगा तारादास ह्यांनी अपूच्या मुलाची कथा ‘काजल’ ह्या कादंबरीत लिहिली, ती स्वतःच्या नावाने. बाणाच्या मुलाने घालून दिलेला धडा तेराशे वर्षांनंतर वंगदेशात पुन्हा गिरवला गेला.

रशियात निकोलाय गोगोल ह्यांनी ‘मृत जीव’ ह्या कादंबरीचा दुसरा भाग लिहिला आणि १८५२ च्या फेब्रुवारीत स्वतःच्या हाताने जाळून टाकला. काही दिवसांतच ते वारले. कागदपत्रांत दुसऱ्या भागाच्या पूर्वीच्या खर्ड्यांतील काही प्रकरणे सापडली आणि ती १८५५ साली छापली गेली. त्याहून जुनी गोष्ट रोमन महाकवी व्हर्जिल ह्याची. आपले अपुरे महाकाव्य जाळावे, अशी त्याची इच्छा होती; सम्राट ऑगस्टसने ती मानली नाही. मात्र ज्यांच्यावर संपादनाचे काम सोपवले, त्यांनी काव्यातील अर्ध्या राहिलेल्या ओळी अर्ध्याच ठेवल्या. दोन हजार वर्षे लोटली तरी त्या ओळी तशाच आहेत आणि त्या पाहून कोणाला व्हर्जिल उणा वाटलेला नाही.

येथे खरा पेच आहे. कर्त्याची इच्छा मोडून व्हर्जिलचे काव्य राखले गेले, म्हणून आज जग त्या सम्राटाचे आभार मानते. परंतु गोगोल ह्यांचे टाकून दिलेले खर्डे वाचताना एखाद्याच्या खोलीत न विचारता शिरल्यासारखेही वाटते. मृत माणसाला आपल्या बाजूने बोलता येत नाही. वाचकांची उत्सुकता, प्रकाशकाचा व्यवहार, वारसांचे प्रेम आणि कधी त्यांची निकड, हे सर्व त्याच्या वतीने बोलू लागतात. कायदा ह्यातील एकाच बाजूची व्यवस्था लावतो. भारतात १९५७ च्या कायद्याप्रमाणे, आणि १९९२ च्या दुरुस्तीनंतर, लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. ग्रंथ मरणोत्तर प्रसिद्ध झाला तर ही साठ वर्षे प्रसिद्धीपासून मोजतात. पैसा कोणाचा, हे ह्यावरून ठरते. छापावे की नाही, हे ठरत नाही.

ते ठरवावयाचे तर जुन्या उदाहरणांचाच आधार घ्यावा लागेल. कर्त्याने स्पष्ट मनाई केली नसेल, तर अपुरे लिखाण जपावे आणि प्रकाशात आणावे; गडकऱ्यांचे प्रवेश त्याची साक्ष देतात. जेथे कर्त्याचा हात थांबला, ती जागा पानावर दाखवावी. नाथांच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायाची खूण ज्या समाजाने चार शतके जपली, त्याला हे शिकवावयास नको. पुढे लिहिण्याची ज्याला प्रेरणा होईल त्याने अवश्य लिहावे, परंतु आपल्या नावाने लिहावे. मूळ खर्ड्यातील खाडाखोड, दोन पर्यायी शेवट, समासातील टिपा ह्यांवर इस्त्री फिरवून सारे गुळगुळीत करू नये. वाचकाला लेखकाचे अपुरेपण सोसते. त्याची फसवणूक त्याला सोसत नाही.

ही चर्चा केवळ थोरांपुरती नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी ह्या पट्ट्यात लिहिणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. १९२९, १९४६ आणि २००० साली मराठी साहित्य संमेलन बेळगावात भरले. अशा प्रदेशात अनेक घरांच्या माळ्यांवर वह्यांची बोचकी असणार: कोणा शिक्षकाची अर्धी कादंबरी, कोणा कीर्तनकाराची आख्याने, कोणा आजींच्या ओव्या. खानापूरच्या रानातला पाऊस आणि वाळवी ह्यांना साहित्याची कदर नसते. वारसांनी ती वही कोरड्या जागी ठेवावी, पानांचा क्रम मोडू नये, कोणाच्या हातचे अक्षर आणि साधारण कोणत्या सालचे हे वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे आणि शक्य तर एक प्रत जवळच्या वाचनालयात द्यावी. छापावयाचे की नाही, हा निर्णय पुढच्या पिढीवर सोपवता येतो. पण त्यासाठी ती पाने तोवर शिल्लक राहिली पाहिजेत.