करवतीशेजारची पट्टी: टेबल सॉच्या फेन्सचा इतिहास

आजचा धागा एका पोलादी पट्टीविषयी आहे. टेबल सॉ, म्हणजे टेबलाच्या फटीतून वर डोकावणारी गोल करवत, आपण फर्निचरच्या कारखान्यात पाहिली असेल. तिच्या पात्याला समांतर एक लांब पट्टी बसवलेली असते. फळी तिला टेकवून पुढे सरकवायची. हिला फेन्स म्हणतात. कापलेल्या फळीची रुंदी किती भरेल आणि कापणाऱ्याची बोटे शाबूत राहतील की नाही, हे दोन्ही बऱ्याच अंशी या पट्टीवर अवलंबून असते.

गोल करवतीच्या जन्माची एक लोकप्रिय कथा आहे. अमेरिकेतील शेकर पंथाच्या टॅबिथा बॅबिट यांना १८१३च्या सुमारास चरख्याच्या चाकावरून ती सुचली, असे सांगतात. कथा सुरेख आहे, पण कालगणनेत बसत नाही. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर यांच्या १७७७च्या पेटंटात गोल करवतीचा उल्लेख आधीच आढळतो, आणि त्याच शहरातील वॉल्टर टेलर ब्रिटिश नौदलासाठी लाकडी कप्प्या बनवताना अशा करवती वापरत होते.

त्या कप्प्यांनीच पुढचे पाऊल घडवले. शिडांच्या एका मोठ्या युद्धनौकेला सुमारे हजारभर कप्प्या लागत. सॅम्युएल बेंथम, मार्क ब्रुनेल आणि हेन्री मॉडस्ले या तिघांच्या प्रयत्नातून पोर्टस्मथच्या गोदीत १९व्या शतकाच्या आरंभी कप्प्यांचा कारखाना उभा राहिला. तेथील ४५ यंत्रांवर १० माणसे ११० कारागिरांचे काम करू लागली. १८०८मध्ये १,३०,००० कप्प्या निघाल्या. या आकड्यांमागचे तत्त्व अधिक महत्त्वाचे आहे: हत्याराची वाट कारागिराच्या मनगटाने नव्हे, तर यंत्रानेच आखून द्यायची. फेन्स ही त्याच तत्त्वाची साधीसुधी वारसदार होय.

आता एकदम १९३९मध्ये येऊ. अमेरिकेतील मिलवॉकीच्या डेल्टा कंपनीने ‘युनिसॉ’ बाजारात आणली. बिडाचे जड टेबल, १० इंची पाते, आणि टेबल न कलवता पातेच तिरके करण्याची सोय. हे यंत्र इतके भक्कम होते की त्या काळच्या कित्येक युनिसॉ आजही चालत आहेत. उणीव राहिली ती फेन्समध्ये.

जुनी फेन्स टेबलाच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन रुळांवर सरकत असे आणि दोन्ही टोकांना आवळली जाई. दोन टोके बांधली म्हणजे ती अधिक घट्ट बसेल, असे कोणालाही वाटेल. पण आवळताना एक टोक किंचित मागेपुढे राहिले, तर पट्टी तशीच तिरकी पकडली जाई. साडेसातशे मिलिमीटर लांबीच्या पट्टीचे मागचे टोक केवळ १ मिलिमीटर आत झुकले, तरी पात्याच्या लांबीत फळी सुमारे पाव मिलिमीटरने पात्याच्या मागच्या दातांवर रेटली जाते. मागचे दात खालून वर येत असतात. ते फळी उचलून कापणाऱ्याच्या अंगावर भिरकावतात. १० इंची पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या घरात जातो. म्हणूनच सावध कारागीर प्रत्येक कापाआधी पात्याच्या पुढच्या आणि मागच्या दातापासून पट्टीपर्यंतचे अंतर वेगवेगळे मोजत, आणि पट्टीला हलकी टपली मारून ती जागेवर आणत.

हे चार दशके का चालले? माझ्या मते कारण लाकडात आहे. अखंड लाकडाची फळी कापल्यावर तिच्यावर रंधा फिरतोच. करवतीची चूक तेथे लपते. प्लायवूडचे कपाट करताना मात्र करवतीचा काप हाच बहुधा शेवटचा काप असतो, आणि एका बाजूची तिरपी चूक चारही सांध्यांत उघडी पडते.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात अॅरिझोना राज्यातील मेसा येथील बिल बीसेमायर यांनी उत्तर शोधले ते ड्रॉइंग बोर्डवर. डिप्लोमाला ड्रॉइंग केलेल्यांना टी-स्क्वेअर आठवेल: त्याची आडवी मूठ बोर्डाच्या एकाच कडेला टेकते, दुसरे टोक मोकळे असते, तरीही रेषा समांतर निघते. बीसेमायर यांनी पोलादी चौकोनी नळी एका आडव्या तुकड्याला काटकोनात वेल्ड केली आणि पुढे एकच जाड रूळ बसवला. खटका दाबला की आडवा तुकडा रुळाला दोन दूरदूरच्या ठिकाणी घट्ट टेकतो आणि पट्टी आपोआप समांतर होते. मागे काहीच आवळायचे नाही. एक बंधन काढून टाकल्याने अचूकता वाढली!

याचा आणखी एक लाभ झाला. पट्टी दरवेळी समांतरच बसते म्हटल्यावर रुळावर चिकटवलेल्या मोजपट्टीवर विश्वास ठेवता येऊ लागला. काचेखालची बारीक रेषा हव्या त्या आकड्यावर आणायची, खटका दाबायचा आणि कापायचे. पूर्वी मिनिटे खाणारे काम आता क्षणांचे झाले.

ही फेन्स सुटी विकली जाई, त्यामुळे जुनी करवत न टाकता तिची नजर तेवढी सुधारता येई. असंख्य कार्यशाळांत मूळ रूळ उतरले आणि नवा चढला. डेल्टाने आधी पुढूनच आवळली जाणारी स्वतःची ‘युनिफेन्स’ आणली. पुढे बीसेमायरचे नावच त्या कंपनीच्या पदरात गेले, आणि युनिसॉ कारखान्यातूनच त्या फेन्ससह मिळू लागली.