चहाचा पेला आणि ग्रामण्य

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा भरली. सभेनंतर यजमान मिशनऱ्यांनी पाहुण्यांपुढे चहा ठेवला. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. कोणी चहा प्याले, कोणी पेला हाती घेऊन तसाच खाली ठेवला. गोष्ट एवढीच. परंतु आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी त्या मंडळींची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापविली, आणि गावात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांच्या पीठापर्यंत गेले.

आता या प्रकरणात मनुष्यस्वभावाचे जे दर्शन घडते, ते आपण नीट पाहिले पाहिजे. घराबाहेर चोरून खाणेपिणे करणारे लोक त्या काळी थोडे नव्हते, आणि समाजाला ते ठाऊकही होते. ठाऊक असूनही समाज डोळे मिटून बसे. नावे छापली गेली आणि डोळे मिटण्याची सोय उरली नाही. म्हणजे शिक्षा कृत्याला होत नाही, कृत्याच्या उघडपणाला होते! गोपाळरावांना सुधारकांचे बोलणे आणि चालणे यांतील अंतर चव्हाट्यावर आणायचे होते असे मानले, तरी त्यांनी समाजाचेही अंतरंग उघडे केले, हे विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. बहिष्काराचा घाव ज्याने पेला उचलला त्याच्यावर थांबत नाही. श्राद्धाला भटजी मिळत नाही, पंक्तीला कोणी येत नाही, सासरची माणसे लेकीला माहेरी धाडीत नाहीत. दोष एकाचा आणि डोळ्यांना पदर दुसरीचा, असा हा न्याय! टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले ते मित्रांच्या अडचणीसाठी, असे रमाबाईंच्या आठवणींवरून कळते. त्यांना स्वतःलाही तो निर्णय रुचला नव्हता.

रानडे नमले, असे म्हणणे सोपे आहे. एकट्याने ताठ राहण्याचे धैर्य मोठे खरे. पण त्या ताठपणाची किंमत शेजारच्या घरातील माणसे भरीत असतील, तर काय करावे? या प्रश्नाला आपल्याजवळ तयार उत्तर आहे काय? रानड्यांनी लोकनिंदा पत्करून उत्तर दिले. ते आपणांस पटो वा न पटो, त्यात भित्रेपणा शोधणाऱ्याने आधी त्या घरांत डोकावून पाहावे.

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो २०१६ चा. मध्ये सव्वाशे वर्षे गेली. चहा घरोघर पोहोचला, वाळीत टाकण्याची वृत्ती मात्र कायद्याने आवरावी लागली. ज्या वसंत व्याख्यानमालेचा पाया रानड्यांनी १८७५ मध्ये घातला, तिच्या श्रोत्यांनी तरी हा हिशेब मनाशी मांडावा. शेजाऱ्याचे मत आपल्याला पटले नाही, तरी त्याच्या लेकीच्या लग्नाला आपण जातो की नाही, एवढे पाहिले तरी पुरे.