पहिली भाषा कोणती?



मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी गाव वसविले, आणि त्या गावाला पाणी आणले ते आपल्या या हर्सूलच्या बाजूने, जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर. ज्या कारागिराला उतार उमगला, त्याला नळ मातीचा घ्यावा की दगडी बांधावा, हा प्रश्न दुय्यम होता. आज घरोघरी विचारतात, ‘मुलाने संगणकाची कोणती भाषा आधी शिकावी?’ वर्गाची फी भरावयाची असते आणि निवड चुकली तर वर्ष वाया जाईल ही धास्ती असते. या प्रश्नाला इतिहास काय उत्तर देतो, ते पाहू.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली घडविलेले गणकयंत्र 1960 साली कामाला लागले. 1962 साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याच्यापुढे बसणाऱ्याला भाषा निवडण्याची सोयच नव्हती. यंत्राच्या आकड्यांतच आज्ञा लिहाव्या लागत. 1964 साली तेथे सीडीसी 3600 हे यंत्र आले आणि फोरट्रॅनचा वापर वाढला. त्याच वर्षी अमेरिकेत डार्टमथ महाविद्यालयात केमेनी व कुर्ट्झ या अध्यापकांनी ‘बेसिक’ रचली. शास्त्र न शिकणाऱ्या विद्यार्थ्यालाही यंत्र चालविता यावे, हा त्यांचा हेतू. 1984 साली सुरू झालेल्या ‘क्लास’ योजनेतून बीबीसी मायक्रो यंत्रे आपल्या देशातील निवडक शाळांत आली, आणि अनेकांची पहिली भाषा बेसिक ठरली. पुढे ‘सी’ आली. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ तर विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरले.

म्हणजे पहिली भाषा बहुधा माणसाने निवडली नाही, समोरच्या यंत्राने निवडली. आणि तरीही आकड्यांवर शिकलेला मनुष्य फोरट्रॅनकडे, बेसिकवर शिकलेला सीकडे गेला. कारण पायऱ्या पाडणे, अट घालणे, काम पुन्हा पुन्हा करविणे, हा ‘उतार’ सर्वत्र तोच आहे.

आज निवड आपल्या हाती आहे. मग कसोटी एवढीच: चूक तत्काळ दिसावी, खर्च नसावा आणि अडल्यावर विचारावयास जवळ कोणी असावे. पहिल्या दोन कसोट्यांवर ‘पायथन’ नवशिक्याला सोयीची आहे. ती विनामूल्य मिळते. 2008 साली आलेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ‘वय’, ‘दर’ अशी नावे देवनागरीत ठेवता येतात, मूळ आज्ञा मात्र इंग्रजीच राहतात. मराठी शाळेतील मुलाला हा दिलासा लहान नव्हे. पण महाविद्यालयात सीच शिकवीत असतील, तर तिसरी कसोटी तिच्या बाजूची. तेथे रडत बसू नये. यंत्राची स्मृती कशी वापरली जाते, हे ती अधिक जवळून दाखविते.

वर्ष वाया जाते ते भाषा चुकल्याने नव्हे, दर दोन महिन्यांनी भाषा बदलल्याने. एक विहीर पाणी लागेपर्यंत खणावी. आज घरी गेल्यावर मुलाला सांगा: महिन्याच्या दुधाचा हिशेब कसा करशील, ते आधी मराठीत पायरीपायरीने लिही. ते जमले, की पहिली भाषा अर्धी शिकून झाली.