डॉ. कोटणीस, चिनी सुई आणि बालपक्षाघात

उपकाराची आठवण आणि उपायाची प्रचीति ह्या दोन निराळ्या गोष्टी होत. परंतु लोकव्यवहारांत त्यांची गल्लत सहज होते. चिनी सूचिवेध, ज्यास आज सर्वत्र ॲक्युपंक्चर म्हणतात, आपल्याकडे कसा आला आणि पोलिओसारख्या मुलांच्या विषाणुजन्य दुखण्याशीं त्याचा संबंध काय, हें पाहूं लागलें असतां ही गल्लत विशेष स्पष्ट होते.

जपाननें चीनवर आक्रमण केल्यावर चिनी सेनानी चू ते ह्यांनीं हिंदुस्थानाकडे वैद्यकीय साहाय्य मागितलें. त्यानुसार काँग्रेसनें सप्टेंबर १९३८ मध्यें पांच डॉक्टरांचें पथक मुंबई बंदरांतून रवाना केलें. डॉ. अटल हे त्याचे प्रमुख. नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि कलकत्त्याचे बसू व मुखर्जी हे इतर चौघे. कोटणीस मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. १९४१ सालीं ते बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघ्या ३२ व्या वर्षीं, तेथेंच त्यांचें देहावसान झालें. १९४६ सालच्या शांतारामांच्या चित्रपटानें त्यांचें नांव घरोघर पोंचविलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. कोटणीस शल्यवैद्य होते. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करणें हें त्यांचें कार्य. सुईची विद्या त्यांनीं आणलेली नव्हे. ते चीनला गेले तेव्हां खुद्द त्या देशांत ह्या विद्येस उतरती कळा लागली होती. १८२२ सालीं पेकिंगच्या बादशहानें आपल्या राजवैद्यकीय संस्थेंतून सूचिवेधाचा विभाग काढून टाकला होता, आणि १९२९ सालीं तर जुनें वैद्यकच हळूहळू बंद करावें असा ठराव सरकारी आरोग्यसमितीपुढें आला होता. तो वैद्यांच्या विरोधामुळें अमलांत आला नाहीं, एवढेंच. औषधांचा दुष्काळ असलेल्या येनानच्या मुलुखांत १९४४-४५ च्या सुमारास सुईस पुन्हां मान मिळूं लागला. म्हणजे कोटणिसांच्या मृत्यूनंतर.

ही विद्या इकडे आणिली ती त्यांचे सहकारी डॉ. विजयकुमार बसू ह्यांनीं. १९५० नंतरच्या दशकांत ते पुन्हां चीनला गेले, ती शिकले आणि कलकत्त्यास तिचा उपयोग करूं लागले. पुढें तिच्या प्रसारास कोटणिसांचें पुण्यस्मरण जोडलें गेलें; लुधियानास त्यांच्या नांवाचें सूचिवेधाचें रुग्णालयहि निघालें. मित्राच्या स्मृतीस वाहिलेलें हें पुष्प सुंदर आहे; परंतु तें पुष्प आहे, पुरावा नव्हे, असें आम्हांस वाटतें.

आतां बालपक्षाघाताकडे वळूं. पोलिओचा विषाणु तोंडावाटे शिरतो, आंतड्यांत वाढतो आणि क्वचित् मज्जारज्जूंतील चालक पेशींचा नाश करतो. दर सुमारें २०० लागणींत एकास कायमचा पक्षाघात होतो. ज्या पेशी मेल्या त्या परत येत नाहींत. परंतु ज्या केवळ दुखावल्या त्या सांवरतात, आणि त्यामुळें पहिल्या सहा महिन्यांत पुष्कळ मुलांच्या हातापायांत कांहीं शक्ति आपोआप परत येते. सारा घोटाळा येथेंच आहे. चीनमध्यें ह्या मुलांस सुया लावल्या गेल्या. त्याच महिन्यांत पाय हलूं लागला तर यश सुईचें, न हलला तर दोष नशिबाचा! ज्यांस सुया लावल्या आणि ज्यांस लावल्या नाहींत अशा सारख्या मुलांची काटेकोर तुलना केल्यावांचून ह्या प्रकरणीं निवाडा होऊं शकत नाहीं.

म्हणून आईबापांस हंसण्याचा अधिकार मात्र कोणासहि नाहीं. १९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन खाडीपलीकडे नवी मुंबई वसूं लागली, तेव्हां पोलिओची धास्ती तेथेंहि आईबापांबरोबर गेली. रात्रीं ताप आलेलें मूल सकाळीं उभें राहीना, ह्यापुढें कोणतेंहि शास्त्र दुबळेंच होतें. मुंबईंत फातिमा इस्माइल ह्या बाईंनीं, स्वतःच्या मुलीस हा रोग झाल्यानंतर, १९४७ सालीं पंगु मुलांच्या पुनर्वसनाची संस्था काढली. तेथें उपचार होता तो व्यायामाचा, आधारपट्ट्यांचा आणि चिकाटीचा. त्यानें रोग बरा होत नसे, पण मूल चालूं लागे.

रोगाचा अंत झाला तो दुसऱ्याच मार्गानें. १९४९ सालीं परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारांत विषाणुसंशोधनाचें केंद्र उघडलें. १९५५ सालीं अमेरिकेंत साल्क ह्यांची लस मान्य झाली, नंतर सेबिन ह्यांची तोंडावाटे द्यावयाची लस आली. १९९५ पासून भारतांत पल्स पोलिओच्या ‘दो बूंद’ गल्लोगल्लीं पोंचल्या. नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजीं हावड्यास आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजीं भारत पोलिओमुक्त ठरला.

महाराष्ट्रानें सूचिवेधाच्या व्यवसायासाठीं २०१५ ह्या सालच्या नांवाचा कायदा केला आहे. वेदना कमी करण्यास कांहीं रुग्णांस सुईचा उपयोग होतो, हेंहि आम्ही नाकारीत नाहीं. परंतु कायदा व्यवसायास शिस्त लावतो; विषाणूस मारण्याचें सामर्थ्य तो सुईस देऊं शकत नाहीं. पंधरा वर्षांखालील मुलाच्या हातापायांत एकाएकीं लुळेपणा आला तर त्यास त्याच दिवशीं रुग्णालयांत नेणें व त्याच्या शौचाची तपासणी होऊं देणें, हें आजहि आईबापांचें पहिलें कर्तव्य आहे. कोटणिसांचें ऋण मोठें आहे. तें फेडावयाचें तर ज्या शास्त्रांत ते तयार झाले त्याचीच शिस्त आपल्या मुलांच्या बाबतींत पाळावी, हें बरें.